पाव मिलिमीटरची फट : ठासणीची बंदूक, शंकाकृती गोळी आणि १८५७ (#थ्रेड)

विरार स्थानकावरून पूर्वेला, महामार्गाच्या दिशेने निघाले की चंदनसार लागते. आज तेथे इमारतींची दाटी आहे, आणि या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण एका जुन्या रणभूमीच्या परिसरातून जात आहोत असे वाटत असेल. वसईचा किल्ला येथून दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत या पट्ट्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. त्यांचा दगडी किल्ला आज पडका आहे, पण त्यांचे शब्द मात्र शाबूत राहिले. पाव, बटाटा, चावी हे त्यांतले घरगुती शब्द. त्याच घराण्यातला आणखी एक शब्द म्हणजे काडतूस. पोर्तुगीज ‘कार्तुशु’ वरून तो आपल्याकडे आला आणि १८५७ मध्ये साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी झाला.

शाळेच्या पुस्तकात या काडतुसाला एक वाक्य मिळते. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली होती, ती दातांनी तोडावी लागत, म्हणून शिपाई बिथरले. वाक्य खोटे नाही. पण ते वाचताना पडायला हवा असा एक साधा प्रश्न सहसा पडत नाही. काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला? इंग्रज सरकारला शिपायांचा धर्म बाटवायचा होता, हे एक उत्तर तेव्हाच छावण्याछावण्यांतून फिरत होते. दुसरे उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. ते समजून घ्यायचे तर आधी बंदूक भरावी लागेल.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि गोळी आत घालून गजाने ठासावी लागते ती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईला वेढा घातला तेव्हा तटाच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या बंदुका ठासणीच्याच होत्या. मराठ्यांकडच्या बहुतेक तोड्याच्या. म्हणजे नळीत दारू ओतायची, शिशाची वाटोळी गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायचे आणि जळता तोडा त्यावर टेकवायचा. नळी आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा बरीच लहान, कारण ती झटकन आत उतरली पाहिजे. पुढे कंपनीच्या पलटणींच्या हाती जी ‘ब्राउन बेस’ बंदूक आली, तिला तोड्याऐवजी गारगोटी होती, पण मूळ रचना तीच. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. मधली फट दीड मिलिमीटरची.

या दीड मिलिमीटरचा फायदा भरणाऱ्याला होता आणि तोटा नेम धरणाऱ्याला. दारूचा जोर फटीतून वाया जाई. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटची आपटी जिकडे बसली त्याच्या उलट दिशेला भरकटे. शंभर पावलांपलीकडे एका माणसाला नेमके टिपणे हा नशिबाचा भाग होता. म्हणूनच पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकदम फैर झाडत. एका गोळीवर भरवसा नसला की शंभर गोळ्या एकत्र सोडाव्या लागतात.

नळीत आतून पिळदार आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते, ही गोष्ट युरोपातील कारागिरांना कितीतरी आधीपासून ठाऊक होती. ‘रायफल’ हे नाव त्या आट्यांवरूनच पडले. अडचण एवढीच की आटे गोळीला पकडणार कसे? गोळी नळीत घट्ट बसली तरच आटे तिच्यात रुततात, आणि घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून आत घालायची म्हणजे ती तेलकट चिंधीत गुंडाळून, गजावर जोर देत, कधी लाकडी हातोडीने ठोकत खाली न्यायची. शिकाऱ्याला हे परवडते. शत्रू दोनशे पावलांवरून धावत येत असताना शिपायाला परवडत नाही. त्यामुळे रायफल काही निवडक तुकड्यांपुरती राहिली आणि बाकीचे सैन्य गुळगुळीत नळीवरच लढत राहिले.

म्हणजे हवी होती ती अशी गोळी, जी आत जाताना सैल असेल आणि बाहेर येताना घट्ट.

हे कोडे सुटण्याच्या कथेत दक्षिण भारताचाही एक धागा आहे. ब्रिटिश सैन्याच्या ३४ व्या पलटणीतील कॅप्टन जॉन नॉर्टन याने येथील लोक फुंकनळीने बाण मारताना पाहिले. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा बसवलेला असे. फुंकर बसली की तो फुगून नळीच्या भिंतींना चिकटे आणि हवा वाया जात नसे. यावरून नॉर्टनने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट, निमुळती गोळी तयार केली, असे सांगितले जाते. ब्रिटिश सरकारने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८४९ मध्ये फ्रेंच कॅप्टन क्लोद मिन्ये याने त्याच तत्त्वावर आपली गोळी सिद्ध केली आणि नाव त्याचे झाले. शिकवणारा फुंकनळीवाला अर्थातच अनामिक राहिला.

या गोळीला मराठीत शंकाकृती म्हणता येईल. टोकाला निमुळती, खाली दंडगोल आणि बुडाशी खळगा. दारू पेटली की तिचा दाब या खळग्यात शिरतो, मऊ शिशाच्या कडा बाहेर फाकतात आणि आट्यांत रुतून बसतात. आत जाताना ती केवळ गजाच्या हलक्या दाबाने सरकलेली असते. वाटोळ्या गोळीपेक्षा ती हवाही चांगली कापते, त्यामुळे तिचा वेग दूरवर टिकतो.

ब्रिटिशांची १८५३ ची एन्फिल्ड रायफल या गोळीसाठी घडवलेली होती. नळी ३९ इंचांची, आतला व्यास ०.५७७ इंच, आत तीन आटे, आणि आट्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अर्धा फेरा घेई, पण तेवढे पुरे होते. गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम, दारू साधारण साडेचार ग्रॅम. मागची माशी वर सरकवून नऊशे-हजार यार्डांपर्यंतचा नेम धरण्याची सोय होती. प्रत्यक्ष रणात एवढ्या अंतरावर एकट्या माणसाला टिपणे दुर्मीळच असणार, पण तोफेवरचे गोलंदाज किंवा घोडेस्वारांचा घोळका आता तीन-चारशे यार्डांवरूनही सुरक्षित नव्हता. ब्राउन बेसच्या जमान्यात त्याच अंतरावर उभे राहून निवांत तंबाखू मळता आली असती.

आता काडतुसाकडे येऊ. एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची बोटभर लांब सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीचे निमुळते टोक दारूच्या दिशेला, म्हणजे आतल्या बाजूस. गोळीच्या भोवतालचा कागद वंगणात बुडवलेला. शिपाई बंदूक उभी धरी, दारूच्या बाजूचे पिळलेले टोक दातांनी तोडी, दारू नळीत ओती. मग काडतूस उलटे करून गोळीचा वंगण लावलेला भाग नळीच्या तोंडात बसवी, वर उरलेला रिकामा कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी कागदासकट खाली नेई. शेवटी घोडा अर्धा चढवून काढणीवर तांब्याची छोटी टोपी बसवली की बंदूक तयार. सराव झालेला शिपाई हे सारे मिनिटाला तीन वेळा करू शके.

या क्रमातली एक बारीक गोष्ट अनेकदा निसटते. दातांनी तोडायचे टोक आणि वंगण लावलेले टोक ही काडतुसाची दोन वेगवेगळी टोके होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी नंतर हा मुद्दा मोठ्या आत्मविश्वासाने मांडला. तो कागदावर बरोबर आणि छावणीत निरर्थक आहे. एका पुडक्यात दहा काडतुसे एकमेकांना खेटून बांधलेली, कमरेच्या पेटीत दिवसभर उन्हात तापलेली. वंगण आपल्या टोकाला थांबून राहील अशी अपेक्षा उत्तर हिंदुस्थानच्या हवामानात कोण करील? आणि विटाळाचा प्रश्न जिभेपाशी सुरू होत नाही, तो बोटांपाशीच सुरू होतो.

वंगण का हवे होते, ते आता उघड आहे. एन्फिल्डची नळी ०.५७७ इंच आणि सुरुवातीची गोळी ०.५६८ इंच. फरक ०.००९ इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी, आणि त्यातच कागदही मावायचा. काळी दारू जळून गेल्यावर बराच भाग काजळीच्या रूपाने मागे राहतो. दहा-पंधरा फैरींत ती काजळी नळीत थापली जाते. जुन्या बंदुकीची दीड मिलिमीटरची फट ही काजळी सहज पचवत असे. पाव मिलिमीटरची फट पचवू शकत नाही. गोळी अर्ध्यात अडकते आणि मग शिपायाच्या हाती भाल्याइतकीही उपयोगी वस्तू उरत नाही. वंगण काजळीला मऊ ठेवते, पुढची गोळी जाताना ती पुसून नेते. आट्यांची नळी आणि शंकाकृती गोळी स्वीकारली की वंगण आलेच. त्यात चरबीच हवी, असे मात्र नव्हते. आधीच्या दोन आट्यांच्या रायफलीसाठी हिंदुस्थानात मेण आणि तेल वापरले गेले होते. इंग्लंडमध्ये चरबी स्वस्त आणि हाताशी होती, म्हणून कृती चरबीची ठरली आणि तशीच जहाजातून इकडे आली.

इशारा मिळालेला नव्हता असेही नाही. १८५३ मध्येच, ही काडतुसे हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली तेव्हा बंगाल सैन्याचा अॅडज्युटंट जनरल हेन्री टकर याने लिहून कळवले होते की, वंगणात कोणाच्या धर्माला बाधेल असे काही नाही याची खात्री होईपर्यंत ती देशी शिपायांच्या हाती देऊ नयेत. पत्र दप्तरात राहिले. १८५७ मध्ये चौकशी झाली तेव्हा दारूगोळा खात्याला मान्य करावे लागले की ठेकेदाराने आणलेली चरबी कोणत्या जनावराची, हे कोणी तपासतच नव्हते. धर्म बुडवण्याचा कट शोधणाऱ्यांच्या हाती पुरावा लागत नाही, आणि तरी शिपायांचा संशय निराधार ठरत नाही, तो यामुळे. कट नव्हता, बेफिकिरी होती. ज्याचा धर्म त्या बेफिकिरीने बुडणार होता, त्याला हा फरक फार मोलाचा वाटला असेल असे नाही.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने नकार दिला. तेव्हा, आता लवकरच तुम्ही चरबीची काडतुसे तोडणार, मग तुमची जात राहील कुठे, असे त्याने सुनावले. सरकारने घाईने उपाय केले. काडतुसे कोरी द्यावीत, वंगण शिपायांनी आपल्या पसंतीचे लावावे, असे ठरले. मार्चमध्ये टोक दातांऐवजी हाताने तोडण्याची कवायतही मंजूर झाली. पण संशय तोवर चरबीवरून कागदावर सरकला होता. बहरामपूरच्या १९ व्या पलटणीला कागदाची चकाकी खटकली. मेरठला तिसऱ्या घोडदळातील ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले, आणि त्यातूनच १० मे चा भडका उडाला. या दोन्ही ठिकाणची काडतुसे जुन्याच, गुळगुळीत नळीच्या बंदुकांची होती. एन्फिल्डचे काडतूस ज्यांनी कधी हातात धरले नाही असे शिपाई एन्फिल्डच्या काडतुसापायी बेड्यांत गेले. म्हणूनच ‘१८५७ काडतुसांमुळे झाले’ हे विधान जपून करावे. खालसा केलेली संस्थाने, भत्ते, बढत्या, समुद्रापारची नोकरी, असे बरेच कोठार आधीच भरलेले होते. काडतूस ही रंजक.

या बातमीचा प्रवास मराठी वाचकाला घरच्या साक्षीदाराकडून ऐकता येतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. वाटेत महूच्या छावणीजवळ भेटलेल्या शिपायांकडून त्यांनी काडतुसांची हकिकत ऐकली. पुढे ते झाशीत अडकले आणि वेढा आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. चंदनसारप्रमाणेच वरसईही कोकणातलेच. बंगालच्या दारूगोळा खात्यातला एक घोटाळा एका कोकणी भटजीच्या कानी माळव्यात पडतो, यावरून बातमी किती वेगाने पसरली याचा अंदाज येतो.

झाशीला वेढा घालणारे सैन्य मुख्यतः मुंबई इलाख्याचे होते. मुंबईच्या देशी पलटणींत कोकणातले मराठे, महार आणि इतर अनेक जातींचे शिपाई होते, आणि त्यांतल्या बहुसंख्य सरकारशी एकनिष्ठ राहिल्या. अपवाद होतेच. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापूरची २७ वी पलटण उठली. सर ह्यू रोझच्या फौजेतील गोऱ्या पलटणींकडे एन्फिल्ड होत्या. १ एप्रिल १८५८ ला तात्या टोपे झाशीच्या मदतीला मोठी फौज घेऊन आले, तेव्हा वेढा न उठवता सुमारे पंधराशे लोकांनिशी रोझने त्यांना बेतवेच्या काठी हरवले. या विजयात तोफखाना आणि घोडदळाचा वाटा मोठा, तरी दुरून अचूक मारा करणाऱ्या रायफलींनी संख्येतली उणीव भरून काढली हे खुद्द रोझनेच नमूद केले आहे.

त्यानंतरच्या एका लढाईची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत येत नाही, आणि ती यायला हवी.

२२ मे १८५८. काल्पीजवळ गोलौली. रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई आणि बांद्याचा नवाब यांच्या फौजा रोझवर चालून आल्या. ऐन वैशाखातले ऊन. इंग्रज सैन्यातली माणसे उष्माघाताने कोसळत होती, खुद्द रोझलाही याआधी उन्हाचे झटके बसले होते. आणि भर लढाईत एन्फिल्ड भरेनाशा झाल्या. उष्णतेने काडतुसांची दशा झाली होती, गोळ्या नळीत नीट उतरत नव्हत्या, फैरी मंदावल्या आणि नेम बेभरवशाचा झाला. रायफलींचा जो फायदा आपल्याला होता तो त्या दिवशी राहिला नाही, अशा आशयाची कबुली रोझच्या अहवालात आहे. पेशव्यांचे सैन्य तोफांच्या अगदी जवळ येऊन पोहोचले. उंटांवरून आणलेल्या ताज्या दमाच्या तुकडीने शेवटी संगिनींनी हल्ला चढवला आणि लढाई फिरली.

पाव मिलिमीटरची तीच फट. मेरठपासून गोलौलीपर्यंत वर्षभरात दोन वेळा ती इतिहासाच्या मधोमध आली, एकदा वंगण होते म्हणून आणि एकदा वंगण पुरे पडले नाही म्हणून. वूलिचच्या कारखान्यात बसून ठरवलेले माप आणि कृती बुंदेलखंडच्या मे महिन्यात टिकली नाही. उष्ण प्रदेशातील असे अनुभव जमा झाल्यावर गोळीचा व्यास ०.५५ इंच करण्यात आला, म्हणजे फट जवळजवळ तिप्पट झाली, आणि वंगणात चरबीची जागा मुख्यतः मधमाशीच्या मेणाने घेतली. शिपायांच्या तक्रारीने जे झाले नाही ते अडकलेल्या गोळ्यांनी करून दाखवले.

त्याच काळात मुंबई सैन्यातला एक अधिकारी या कोड्याचे वेगळे उत्तर शोधत होता. जनरल जॉन जेकब. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि जेकबाबाद हे त्याचे ठाणे. गोळी फुगवण्याऐवजी त्याने नळीत चार आटे पाडून गोळीच्या अंगावर चार उंचवटे ठेवले, ते आट्यांत बसवूनच गोळी खाली सरकवायची. वाळवंटात दोन हजार यार्डांवर भिंती उभारून तो सराव घेई. टोकाला स्फोटक भरलेल्या त्याच्या गोळ्यांनी दूरवरच्या दारूच्या पेट्या उडत असत. ‘जेकब्स रायफल्स’ ही पलटण १८५८ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. विलक्षण डोक्याचा माणूस, पण पाठीमागे कारखाना नव्हता.

मूळ प्रश्न शिपायांचा होता, तेव्हा त्यांचे पुढे काय झाले ते पाहणे भाग आहे. उठाव मोडल्यावर देशी पलटणींसाठी एन्फिल्डचीच एक नवी आवृत्ती निघाली, १८५८ ची. दिसायला तीच बंदूक. पण नळी आतून ०.६५६ इंचांपर्यंत मोठी आणि गुळगुळीत, आट्यांचा मागमूस नाही, दूरचा नेम धरायची सरकती माशीही काढलेली. शंकाकृती गोळीचा सारा फायदा मोजून काढून घेतला होता. चरबीचे काडतूस तोंडात घालण्याची सक्ती संपली खरी, पण त्याबरोबर शंभर यार्डांपलीकडचा नेमही गेला. यापुढे देशी शिपायाच्या हातातले शस्त्र गोऱ्या शिपायाच्या शस्त्राहून एक पिढी मागे असावे, ही सरकारची रीतच झाली. १८६६ पासून जुन्याच एन्फिल्ड मागून भरता येतील अशा करून घेण्यात आल्या, त्यांना ‘स्नायडर’ म्हणत. मागून भरायची सोय झाल्यावर गोळी सैल असण्याची गरजच संपली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या घरातली बंदूक परवान्याखाली आणली.

ठासणीची बंदूक मात्र कोकणातून गेली नाही. रानडुकरे आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत आहे. पोलिसांच्या पंचनाम्यात दोन नावे शेजारी शेजारी येतात : ‘ठासणीची बंदूक’ आणि ‘काडतुसाची बंदूक’. पहिलीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यात बहुधा छर्रे भरतात.